घरच्या घरी किट विमान: वजनाच्या वहीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

किट विमान म्हणजे सुटे पार्ट आणून स्वतः जोडायचं विमान. ते डिझाइन करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी चित्र काढतात. टोकदार नाक, मागे झुकलेली शेपटी, मोठ्ठी कॅनोपी (पायलटवरचं पारदर्शक झाकण), आणि मग त्या चित्रात माणसं, इंजिन, पेट्रोल कोंबायला बघतात. हे उलटं करा. आधी कोऱ्या कागदावर वजनं लिहा, मग त्या वजनांभोवती विमान काढा. आणि दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकतो कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच आहे: पहिल्या डिझाइनमध्ये नवीन गोष्ट एकच ठेवायची. पंख नवीन असेल तर इंजिन सगळ्यांनी वापरून झालेलं, इंजिन नवीन असेल तर पंख माहितीतला. दोन्ही नवीन घेतलं आणि हवेत काही बिनसलं तर कशामुळे बिनसलं हेच कळत नाही. लोक लगेच अमेरिकन विमान डिझायनर बर्ट रुटानचं उदाहरण देतात, १९७५ चं त्याचं व्हेरीइझी विमान, आडवी शेपटी मागे असायच्या ऐवजी पुढे, फोमवर फायबरग्लास चढवून साच्याशिवाय बांधणी, म्हणजे सगळंच नवीन. बरोबर आहे, पण तो माणूस त्याआधी ७ वर्षं एडवर्ड्सच्या हवाई तळावर फ्लाइट टेस्ट इंजिनीअर होता हे सांगायचं सगळे विसरतात.

हिशोबासाठी एक साधं दोन सीटचं विमान धरू, जास्तीत जास्त वजन ६०० किलो. हा आकडा अमेरिकेत २००४ साली आलेल्या लाइट स्पोर्ट, म्हणजे छोट्या हलक्या विमानांच्या नियमांमधला, त्यासोबत फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) बंद असताना स्टॉल, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमान उचलून धरू शकत नाही तो वेग, ४५ नॉटच्या आत (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) आणि सपाट उड्डाणात वेग १२० नॉटच्या आत अशी अट होती. तिथले नियम आता सैल झालेत, पण पहिल्या डिझाइनसाठी ही चौकट अजूनही चांगली आहे. दोन माणसं १७० किलो, पेट्रोल ८० लिटर म्हणजे साधारण ५८ किलो, सामान १२. झाले २४०. उरले ३६०, आणि त्यात पंख, फ्युजलाज (विमानाचं धड), चाकं, सीटा, वायरिंग, रंग, इंजिन, प्रोपेलर सगळं बसवायचं. १०० एचपीचं रोटॅक्स ९१२ यूएलएस घेतलं तर रेडिएटर, एक्झॉस्ट, ऑइल टँक, माउंट धरून ८० किलोच्या आसपास तिथेच गेले. रंग तर लोक धरतच नाहीत, आणि फिलर प्रायमर टॉपकोट मिळून तो आरामात काही किलो खातो.

म्हणून एक वही करा, साधी वही, आणि प्रत्येक पार्टसमोर तीन रकाने: ठरवलेलं वजन, डिझाइनमधून निघालेलं वजन, काट्यावर भरलेलं वजन. पार्ट बसवायच्या आधी काट्यावर ठेवायचाच. एकदा आत रिव्हेट झाला की त्याचं वजन कोणी विचारत नाही, आणि मग शेवटी ३० किलो जास्त का भरले याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

पंख किती मोठा

इथे बरेच जण क्रूझ स्पीडपासून (नेहमीच्या उड्डाणाच्या वेगापासून) सुरुवात करतात, मी म्हणेन स्टॉलपासून करा, कारण इंजिन बंद पडल्यावर तुम्ही शेतात कोणत्या वेगाने टेकणार हे स्टॉल ठरवतो. हिशोब असा: वजन न्यूटनमध्ये, गुणिले २, त्याला भागायचं हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ आणि सीएलमॅक्स (पंख जास्तीत जास्त किती लिफ्ट, म्हणजे उचल, देऊ शकतो तो आकडा) या तिघांच्या गुणाकाराने, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं. समुद्रसपाटीला घनता १.२२५, फ्लॅप बंद असताना सीएलमॅक्स १.४ धरा, त्याहून जास्त धरण्याइतके आपण शहाणे नाही. ६०० किलो आणि १२ चौरस मीटर पंख टाकला तर २३.९ मीटर प्रति सेकंद येतात, म्हणजे ४६.५ नॉट. नापास. तोच पंख १३ चौरस मीटर केला की ४४.७ नॉट. जेमतेम पास. म्हणजे एका चौरस मीटरवर अख्खं डिझाइन नियमात बसतं की नाही ते ठरतंय, आणि इथेच वजनाची वही कामाला येते कारण वजन १० किलोने वाढलं की तुम्ही ४५ ला टेकलातच.

१३ चौरस मीटरला स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी) ९.८ मीटर घेतला तर सरळ आयताकृती पंखाची कॉर्ड (पुढून मागे रुंदी) १.३३ मीटर येते. आयताकृती पंख दिसायला साधा, थोडा ड्रॅग (हवेचा अडथळा) जास्त, पण पहिल्या डिझाइनला मी दुसरं काही सुचवणारच नाही. एक म्हणजे त्याचा स्टॉल मुळाकडून सुरू होतो, टोकाकडून नाही, त्यामुळे स्टॉल जवळ आला तरी एलरॉन (पंखाच्या टोकाजवळची, विमान डावीउजवीकडे कलवणारी झडप) काम करत राहतं आणि विमान एकदम एका बाजूला कलंडत नाही. दुसरं म्हणजे सगळ्या रिब्ज (पंखाच्या आतल्या फासळ्या) सारख्या, एकच साचा, आणि किट विकायचं असेल तर ही फार मोठी सोय आहे. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) नाका (NACA, अमेरिकेची जुनी हवाई संशोधन संस्था) ४४१५ सारखं जुनंपुराणं घ्या, नाका २३०१२ पण चालतं पण त्याचा स्टॉल जरा अचानक येतो. लॅमिनार फॉइलचे (ज्यावरून हवा थरथर न करता सरकते अशा आकाराचे) आकडे कागदावर मोहात पाडतात, पण ते पृष्ठभाग आरशासारखा असताना घेतलेले असतात, त्यावर चार किडे चिकटले की गेले. रुटानच्या व्हेरीइझी आणि लाँग-इझी विमानांच्या पुढच्या पंखाचं जुनं फॉइल पावसात ओलं झालं की लिफ्ट कमी व्हायची आणि नाक खाली जायचं, नंतर त्यासाठी एअरफॉइल डिझायनर जॉन रॉन्झचं नवीन फॉइल आलं तेव्हा ते सुटलं.

शेपटीचा आकार अंदाजाने काढू नका, त्याला टेल व्हॉल्यूम नावाचा सोपा हिशोब आहे. आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले सीजीपासून (विमानाच्या गुरुत्वमध्यापासून) तिचं अंतर, भागिले (पंखाचं क्षेत्रफळ गुणिले कॉर्ड). हा आकडा ०.५ च्या आसपास ठेवा. आपल्या विमानात अंतर ४ मीटर असेल तर शेपटी साधारण २.१६ चौरस मीटर येते. उभ्या शेपटीला कॉर्डऐवजी स्पॅन घ्यायचा आणि आकडा ०.०४ धरायचा, म्हणजे फिन (उभ्या शेपटीचा स्थिर भाग) आणि रडर (मागचा हलणारा भाग) मिळून १.२७ चौरस मीटर. छोटी शेपटी छान दिसते हे मान्य, तरी मोठीच ठेवा.

सीजी

वजन जास्त झालं तर विमान आळशी होतं, लांब धावतं, कमी चढतं. सीजी खूप मागे गेला तर विमान हातातच राहत नाही. त्यामुळे दोन्हीत निवडायची वेळ आली तर मी नाकात दोन किलो शिसं टाकेन पण सीजी मागे जाऊ देणार नाही.

उदाहरण घ्या. डेटम म्हणजे मोजायची शून्य रेषा, ती प्रोपेलरच्या पुढे कुठेतरी धरा म्हणजे सगळे आकडे अधिक चिन्हाचे राहतात. पंखाची पुढची कड डेटमपासून १.८५ मीटरवर आहे. रिकामं विमान लेव्हल करून तीन काट्यांवर ठेवलं: नोजव्हीलवर ६६ किलो, ते ०.९५ मीटरवर. मागची दोन चाकं मिळून २९४ किलो, २.४५ मीटरवर. बेरीज बरोबर ३६०, जी खऱ्या आयुष्यात कधीच अशी बरोबर येत नाही पण चालू द्या. मोमेंट (वजन गुणिले अंतर) ६२.७ अधिक ७२०.३ म्हणजे ७८३, भागिले ३६०, सीजी २.१७५ मीटर, म्हणजे पुढच्या कडेपासून कॉर्डच्या २४.४ टक्क्यांवर. आता १७० किलोची माणसं २.३० वर, ५८ किलो पेट्रोल २.१० वर, १२ किलो सामान ३.०० वर बसवा. ६०० किलोला सीजी २.२२ मीटर, २७.८ टक्के. आणि आता मजा बघा, टाकी रिकामी करा. पेट्रोल सीजीच्या पुढे होतं, ते जळलं की सीजी मागे सरकतो, २८.८ टक्के. म्हणजे उड्डाण सुरू होताना सगळं मर्यादेत होतं म्हणून उतरतानाही असेल असं नाही. असे हिशोब चारपाच करायचे: हलका पायलट एकटा, दोन जाड माणसं, सामान पूर्ण आणि टाकी रिकामी, वगैरे. न्यूट्रल पॉइंट म्हणजे सीजी ज्याच्या मागे गेला की विमान आपोआप सरळ होत नाही तो बिंदू, सगळ्यात मागचा सीजी त्याच्या पुढे कॉर्डच्या निदान १० टक्के तरी राहिला पाहिजे. साध्या विमानाला १५ ते ३० टक्क्यांच्या मधली रेंज बहुतेक वेळा जमून जाते, पण न्यूट्रल पॉइंट आपला आपण काढायचा, दुसऱ्याच्या विमानाचा उचलायचा नाही.

ताकद, आणि वाळूची पोती

लाइट स्पोर्टसाठी एएसटीएम या मानक संस्थेचं एफ२२४५ हे स्टँडर्ड आहे, त्यात लिमिट लोड (उडताना येऊ शकणारा जास्तीत जास्त भार) अधिक ४ जी आणि उणे २ जी, १ जी म्हणजे विमानाच्या वजनाइतका भार. लिमिट लोडला काहीही कायमचं वाकता कामा नये. त्याच्या दीडपट म्हणजे अल्टिमेट लोड, ६ जी, तिथे वाकलं तरी चालेल पण ३ सेकंद तरी तुटता कामा नये. कंपोझिट असेल तर गरमी, ओल आणि हाताच्या कामातला फरक यासाठी याहून जास्त फॅक्टर घेतात.

स्पारचा (पंखातल्या मुख्य तुळईचा) हिशोब सॉफ्टवेअरमध्ये करा, हाताने परत करा, आणि तरी पंख टेस्ट करा. पद्धत जुनी आहे: पंख भक्कम सांगाड्यावर उलटा बसवायचा आणि लिफ्ट जशी पसरलेली असते तशी वाळूची पोती मांडायची, मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी. किती वाळू लागेल? पंखांचं स्वतःचं वजन दोन्ही मिळून ८० किलो धरा. उडताना पंखाचं स्वतःचं वजन लिफ्टच्या विरुद्ध ओढतं, त्यामुळे मुळावरचा भार ६ गुणिले ५२० (६०० वजा ८०), म्हणजे ३१२०. उलट्या पंखाचं वजन मात्र वाळूच्याच दिशेने ओढतं म्हणून ८० वजा, राहिले ३०४०, एका बाजूला १५२०. २५ किलोची ६१ पोती. शिवाय शेपटी खालच्या बाजूला जो भार देते तेवढी लिफ्ट पंखाला जास्त द्यावी लागते, तो भार वेगळा काढून यात मिळवायचा.

पोती चढवताना घाई करू नका. २० टक्के, ४० टक्के असं चढवत जायचं, प्रत्येक टप्प्याला टोक किती खाली गेलं ते मोजायचं आणि लगेच आलेखावर टिंब मारायचं. टिंबं सरळ रेषेत चालली आहेत तोपर्यंत ठीक, रेष वाकायला लागली की काहीतरी सरकतंय किंवा बकल होतंय (दाबाने दुमडतंय). पंखाखाली जॅक किंवा लाकडी ठोकळे थोडं अंतर सोडून ठेवा, म्हणजे तुटलाच तर सगळं जमिनीवर कोसळणार नाही. लोड असताना एलरॉन हलवून बघायचं, मोकळं फिरतंय का अडकतंय, हे बरेच लोक विसरतात आणि हे खूप महत्त्वाचं आहे. लिमिटला पोती उतरवून पंख मूळ जागी आला का ते मोजा, मग पुढे चला. अल्टिमेटला नेलेला पंख विमानाला लावायचा नाही, तो टेस्टसाठीच केलेला. हो, म्हणजे एक अख्खा पंख जास्तीचा बांधायचा. स्वतःपुरतं एकच विमान करणारे यात पळवाट काढतात आणि लिमिटपाशी थांबतात, पण किट विकणाऱ्याने ती काढू नये.

फ्लटर ही वेगळीच भानगड आहे, ताकदवान पंखालाही होतो. ठरावीक वेगाच्या वर एलरॉन किंवा एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलणारी झडप) थरथरायला लागतो, पंख त्याला साथ देतो, आणि दोघं मिळून काही क्षणात स्ट्रक्चर फाडतात. झेनिथच्या सीएच-६०१ एक्सएल या विमानांचे पंख हवेत तुटल्याचे अपघात झाले तेव्हा एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने फ्लटरचा संशय सांगत ही विमानं जमिनीवरच ठेवावीत अशी शिफारस केली होती, आणि नंतर जे बदल आले त्यात पंखाची मजबुती होती आणि एलरॉनला बॅलन्स वेटही होतं. म्हणून कंट्रोल सरफेसेसना (एलरॉन, एलिव्हेटर, रडर) हिंजच्या, म्हणजे बिजागरीच्या, पुढे शिसं लावून १०० टक्के मास बॅलन्स करा, म्हणजे हिंजच्या पुढचा आणि मागचा भार समतोल होईल, कंट्रोल लिंकेजमध्ये ढिलाई नको, आणि बॅलन्स रंग दिल्यानंतर परत तपासा, कारण रंग हिंजच्या मागे बसतो. फ्लटरचं अॅनालिसिस मात्र ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या, यूट्यूब बघून करायचं काम नाही हे.

पत्र्याचं काम

लाकूड, ट्यूब आणि कापड, कंपोझिट, अॅल्युमिनियम, चारही चालतं. कंपोझिटमध्ये आकार सुंदर येतो पण आतला दोष बाहेरून दिसत नाही. स्टील ट्यूबला वेल्डिंगचा चांगला हात लागतो. किटसाठी मी अॅल्युमिनियमच्या बाजूचा आहे, कारण रिव्हेट चुकला तर दिसतो, आणि ड्रिल करून परत मारता येतो. ६०६१-टी६ हा मिश्रधातू गंजाला जास्त टिकतो आणि सगळीकडे मिळतो, २०२४-टी३ जास्त ताकदीचा पण त्याला गंजाची जास्त भीती, म्हणून तो बहुतेक वेळा शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेला अल्क्लॅड घेतात. त्या थरावर ओरखडा पाडायचा नाही, आणि पत्र्यावर खुणा साध्या शिसपेन्सिलने तर अजिबात करायच्या नाहीत, ग्रॅफाइटमुळे गंज धरतो. मार्कर वापरा.

एक रिव्हेट नीट बघू. एएन४७० गोल डोक्याचा, १/८ इंची. भोक ३० नंबरच्या ड्रिलने. भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत पाहिजे, इथे पाव इंच. दोन्ही पत्रे क्लेकोने (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिनेने) धरायचे, १/८ ला तांब्याच्या रंगाचे, ३/३२ ला चंदेरी. ड्रिल झालं की पत्रे परत वेगळे करायचे, भोकांच्या कडा डीबर करायच्या (धारदार कंगोरे काढायचे), मधला चुरा पुसायचा, प्रायमर, मग परत क्लेको आणि मग रिव्हेट. हे वेगळं करून परत जोडायचं काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक गाळतात, आणि मग दोन पत्र्यांच्या मध्ये चुरा अडकून फट राहते. मारल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धा पट उंच आलं पाहिजे. गेज मिळतं, ते खिशात ठेवा. थोडं कमीजास्त झालेला रिव्हेट लगेच काढायला जाऊ नका, काढताना भोक मोठं झालं तर आधी होतं त्यापेक्षा वाईट होतं.

बोल्टचं पण असंच. एएन३ म्हणजे ३/१६ इंची, साध्या लॉकनटला २० ते २५ इंच-पाउंड, आणि नट नुसता फिरवायला जो टॉर्क लागतो तो वरून मिळवायचा. बोल्टचे आटे पत्र्याच्या भोकात येता कामा नयेत, आणि नटच्या बाहेर किमान एक आटा दिसला पाहिजे. टॉर्क झाला की त्यावर रंगाची रेघ मारा. रेघ नाही म्हणजे टॉर्क नाही, मग तुम्हाला कितीही आठवत असो.

इंजिन आणि पेट्रोल

इंजिन माहितीतलं घ्या एवढंच म्हणेन. कारचं इंजिन बसवणं हा छंद चांगला आहे पण तो वेगळा प्रोजेक्ट आहे, नवीन एअरफ्रेमसोबत नको. ९१२ यूएलएस ५८०० आरपीएमला फिरतं, गिअरबॉक्स २.४३ ला १, म्हणजे प्रोपेलर २३८७ ला. १.७५ मीटर व्यासाच्या प्रोपेलरचं टोक तेव्हा २१९ मीटर प्रति सेकंदाने जातं, आवाजाच्या वेगाच्या बरंच खाली, छान. पहिल्यांदा जमिनीवर पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा प्रोपेलर घ्या, कारण बरोबर पिच पहिल्या झटक्यात कोणालाच सापडत नाही.

पेट्रोल सिस्टिम जितकी साधी तितकी चांगली, कारण घरी बांधलेल्या विमानात इंजिन बंद पडतं तेव्हा इंजिनपेक्षा त्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्येच काहीतरी गडबड असण्याची शक्यता जास्त. फ्लो टेस्ट कराच: नाक चढाईच्या कोनात वर करून कार्ब्युरेटरपाशी पाइप काढा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, आणि एका मिनिटात किती येतं ते मोजा. पंप असेल तर फुल पॉवरला लागतं त्याच्या १२५ टक्के, नुसत्या ग्रॅव्हिटीवर असेल तर १५० टक्के आलं पाहिजे. पाइप एक्झॉस्टपासून लांब, आणि जिथे वळण वर जातं तिथे हवेचा बुडबुडा अडकणार हे लक्षात ठेवा. फिटिंग ३७ अंशांची विमानाची, त्यात ४५ अंशांची गाडीची मिसळायची नाही, बसल्यासारखी वाटतात आणि गळतात.

आणि पेट्रोलचा व्हॉल्व्ह पायलटच्या समोर ठेवा. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या खाडीत लाँग-इझी कोसळून गेला. मूळ डिझाइनमध्ये व्हॉल्व्ह पायलटच्या पुढे होता, ज्याने ते विमान बांधलं त्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता, डेन्व्हरने विमान नंतर विकत घेतलेलं. व्हॉल्व्ह फिरवायला अंग वळवावं लागायचं, आणि वळताना रडरवर पाय दाबला जायची शक्यता. किट डिझाइन करणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यायची, की बिल्डर बदल करणारच, म्हणून ज्या गोष्टी अजिबात हलवायच्या नाहीत त्या मॅन्युअलमध्ये का हलवायच्या नाहीत या कारणासकट लिहायच्या. नुसतं हलवू नका लिहिलं की माणूस हमखास हलवतो.

स्वतःचं विमान आणि किट, यात फरक काय

इथपर्यंत जे झालं त्यातून एक विमान तयार होतं. किट म्हणजे तेच विमान अनोळखी माणसाने, त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या दोन ड्रिलने, सुट्टीच्या दिवशी बांधायचं. तुमच्या हाताला जे सवयीने कळतं ते त्याला कळणार नाही. यावरचा सगळ्यात मोठा तोडगा म्हणजे भोकं आधीच सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) पाडून द्यायची. स्किन, रिब आणि स्पारची भोकं एकमेकांवर बरोबर आली की विमान आपोआप सरळ होतं, जिग (पार्ट जागेवर धरून ठेवायचा सांगाडा) लागत नाही, पंखाला पीळ पडत नाही. व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकन किट कंपनीची आरव्ही विमानं इतकी पसरली त्यात या भोकांचा मोठा हात आहे. पण कापायची पद्धत बदलली तरी ती नवीन गोष्टच धरायची: २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या लेझरने कापलेल्या पार्टच्या भोकांना डिंपल करताना (रिव्हेटचं डोकं बसायला कडा खोलगट दाबताना) चिरा पडतात असं समोर आलं, ढिगाने पार्ट बदलून द्यायची वेळ आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावं लागलं. म्हणजे नुसतं ड्रॉइंग बदललं नाही म्हणून पार्ट बदलला नाही असं होत नाही.

मॅन्युअल तपासायची एक खात्रीची पद्धत आहे. विमानाशी संबंध नसलेला, पण हाताने काम करणारा माणूस बोलवा, त्याला शेपटीचं किट आणि मॅन्युअल द्या आणि स्वतः शेजारी गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प. तो जिथे थांबतो, मागचं पान उलटतो, पार्ट उलटा धरतो, तिथे वहीत खूण करा. डावा आणि उजवा पार्ट उलटा बसू शकत असेल तर तो कोणीतरी बसवणारच, त्यामुळे एक भोक मुद्दाम एका बाजूला सरकवून ठेवा. बोल्ट एकाच मोठ्या पिशवीत देऊ नका, प्रत्येक टप्प्याची वेगळी पिशवी आणि तिच्यावर मॅन्युअलच्या पानाचा नंबर.

नियमांचं म्हणाल तर आपापल्या देशाच्या विमान खात्याकडे ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधीच जा. अमेरिकेत ५१ टक्क्यांचा नियम आहे, बांधकामाचा मोठा भाग हौस किंवा शिक्षण म्हणून बांधणाऱ्यानेच केलेला असला पाहिजे, त्यामुळे किटमध्ये फॅक्टरीतून किती तयार करून द्यायचं याला तिथे मर्यादा येते. इतर देशांत तपासणी कोण करतो, किती टप्प्यांत करतो, सगळं वेगळं. फोटो काढत राहा, विशेषतः पंख बंद करायच्या आधीचे.

उडवणं

पहिल्या उड्डाणाआधी काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडून, सीटा काढून, विमान न बांधलेल्या माणसाकडून तपासून घ्या. बांधणाऱ्याला आपलीच चूक दिसत नाही. कंट्रोल उलटे जोडलेले नाहीत हे दोन जणांनी बघा: स्टिक डावीकडे, डावं एलरॉन वर. मूर्खपणाचं वाटतं पण यात माणसं गेली आहेत.

जोरात टॅक्सी (विमान जमिनीवर पळवणं) करून बघू असं बऱ्याच जणांना वाटतं. हळू टॅक्सी भरपूर करा, ब्रेक बसतात, गळती दिसते. पण उडायच्या वेगाच्या जवळ नेऊन परत थांबवण्यात धोका असा की विमान अर्धवट हवेत उठतं, पुढे धावपट्टी संपत आलेली, आणि पायलटची उडायची तयारीच नसते. जोरात पळवायचं तर उडायच्या तयारीनेच पळवा.

पहिलं उड्डाण सीजी पुढच्या अर्ध्यात ठेवून, एकट्याने, वारा शांत असताना. ते बांधणाऱ्यानेच करावं असं काही नाही, असल्याच प्रकारच्या विमानावर हात बसलेला पायलट मिळाला तर जास्त चांगलं. फ्लॅप बदलायचे नाहीत, फोटोसाठी दुसरं विमान जवळ नको, धावपट्टीच्या वरच चकरा मारत उंची घ्यायची, तापमान आणि प्रेशर बघायचं, उंचावर वेग कमी करून स्टॉलची चाहूल लागते तो वेग नोंदवायचा आणि लँडिंगला त्याच्या १.३ पट धरायचा. एअरस्पीड इंडिकेटर काय दाखवतो ते खरं असेलच असं नाही, म्हणून पाटीवरच्या आकड्यापेक्षा ही नोंद कामाची.

अमेरिकेत पुढचे टेस्टचे तास साधारण ४० असतात, प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी असेल तर २५. तास संपवायचे म्हणून नुसत्या चकरा मारू नका, प्रत्येक उड्डाणाला एकच काम लिहून न्या. वेग एका वेळी ५ नॉटने वाढवायचा, प्रत्येक पायरीला स्टिकला हलका टपका मारून थरथर लगेच विरते का बघायचं, विरायला वेळ लागला तर तिथूनच वेग कमी करून परत यायचं. शेवटी नेव्हर एक्सीड वेग (कधीच ओलांडायचा नाही असा) जो पाटीवर लिहाल तो तुम्ही खरोखर गाठलेल्या वेगाच्या १० टक्के खाली असू द्या. सीजी मागे नेण्याचं काम सगळ्यात शेवटी, एका वेळी थोडा, आणि पॅराशूट घालून.

पहिल्या उड्डाणानंतर प्रोपेलरचे बोल्ट परत टॉर्क करा आणि ऑइल फिल्टर कापून आतली घडी उलगडून बघा, चमकणारी धातूची पुड दिसते का. जे जे सैल झालेलं, घासलेलं, तडकलेलं सापडेल त्याचा बदल आधी ड्रॉइंगवर करा, रिव्हिजनचं अक्षर बदला, आणि मगच पार्ट करायला घ्या. टेस्टमधला बदल नुसता विमानावर राहिला आणि ड्रॉइंगवर आला नाही, तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या खोक्यात जुनाच पार्ट जाणार.